विज्ञानकथा रसिकांची राष्ट्रीय संस्था काढताना

नागपूरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: अभियांत्रिकी शिकणाऱ्या पाच-सहा मित्रांना विज्ञानकथा रसिकांची अखिल भारतीय संस्था काढायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर चारशेच्या वर लोक जमले आहेत, बोधचिन्ह तयार आहे, एखाद्या नामवंत लेखकाला अध्यक्ष करावं असं चाललं आहे. आता सोसायटी नोंदवावी, ट्रस्ट करावा की कंपनी काढावी, वर्गणी किती ठेवावी आणि घटनेचा मसुदा कसा करावा, असं त्यांनी विचारलं आहे.

साहित्य आणि विज्ञानप्रसार, अशा दोन्हीकडच्या संस्थांमध्ये मी कधी चिटणीस, कधी कोषाध्यक्ष म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. पुण्यात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक छोटा गटही आम्ही चालवतो. तेव्हा नोंदणीबद्दल सांगेनच, पण ते जरा पुढे. कारण तुमची अडचण नोंदणीची नाहीच. सात सह्या, ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा आणि जागामालकाचं ना हरकत पत्र जमवलं की कोणालाही संस्था नोंदवता येते. नोंदवून दोन वर्षांत निजलेल्या संस्था तुम्हाला कुठल्याही जिल्ह्यात सापडतील. खरा प्रश्न वेगळा आहे. वाशिमला किंवा सिल्चरला एकटा बसून विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाला ही संस्था नसल्यामुळे नेमकं काय मिळत नाहीये? आणि ते त्याला न चुकता देत राहणं तुम्हाला जमेल का? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं, तर घटनेचा निम्मा मसुदा आपोआप तयार होतो. नाही देता आलं, तर सगळ्यात चांगला वकीलही काही करू शकणार नाही.

आधी त्या चारशे जणांचं बघू. गटात असणं आणि सभासद असणं यात फार अंतर आहे. फॉरवर्ड आणि ट्रेलरच्या लिंका सोडल्या, तर गेल्या महिन्यात किती जणांनी स्वतःहून काही लिहिलं ते मोजा. मग नागपुरात एक प्रत्यक्ष भेट ठेवा. चहा स्वतःचा स्वतः, विषय एकच कथा, जी सगळ्यांनी वाचून यायचं. दहा-पंधरा जण आले तरी पुष्कळ. तेच लोक तिसऱ्या भेटीला पुन्हा आले, आणि तुमच्यापैकी कोणीही गेलं नसताना एखादी भेट पार पडली, तर तुमच्याकडे संस्था करण्याजोगं काहीतरी आहे.

हे मी खोडा घालायचा म्हणून म्हणत नाही. विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या राष्ट्रीय संस्था काढण्याचे प्रयोग नव्वद वर्षांपासून चालू आहेत, आणि त्यातलं काय टिकलं, काय विरलं हे आता पुरेसं स्पष्ट दिसतं. १९३४ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी आपल्या 'वंडर स्टोरीज' या मासिकातून 'सायन्स फिक्शन लीग' जाहीर केली. सभासदाला प्रमाणपत्र, कोटाला लावायचा बिल्ला, लीगच्या नावाचे छापील कागद, पत्रावर डकवायची चिन्हं, असा सगळा थाट होता. गावोगावी शाखा काढा असं आवाहन होतं आणि शाखा निघाल्याही, अगदी इंग्लंडातल्या लीड्सपर्यंत. पण लीगचा सगळा कारभार मासिकातून चालायचा. १९३६ मध्ये मासिक विकलं गेलं. नव्या मालकांनी लीगचं नाव काही वर्षं चालवलं आणि मग ती कधी संपली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिची लॉस एंजेलिसची शाखा मात्र उरली. तीच आज 'लॉस एंजेलिस सायन्स फँटसी सोसायटी' या नावाने ओळखली जाते. दर गुरुवारची बैठक ही तिची ओळख, आणि १९७३ मध्ये तिने स्वतःची वास्तू विकत घेतली. मध्यवर्ती संस्था गेली, शाखा राहिली. शाखेतले लोक एकमेकांना ओळखत होते, लीगमधले फक्त मासिकाला.

लीड्सच्या मंडळींचंही ऐकण्यासारखं आहे. जानेवारी १९३७ मध्ये त्यांनी आपल्या गावात एक छोटं संमेलन भरवलं आणि त्यातून ब्रिटनची पहिली राष्ट्रीय चाहता संस्था उभी राहिली. दोन वर्षांत महायुद्ध आलं आणि ती थांबली. त्यानंतर ब्रिटनमध्ये भेटीगाठी, संमेलनं चालू राहिली, पण १९५०च्या दशकात जुन्या लोकांना जाणवायला लागलं की दरवर्षी तेच चेहरे दिसतात, नवा कोणी येत नाही. म्हणून १९५८ च्या ईस्टरला केटरिंगच्या संमेलनात 'ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशन' स्थापन झाली. तिला एक नेमकं काम होतं: नव्या वाचकाला आत आणायचं. त्यासाठी 'व्हेक्टर' हे नियतकालिक त्याच वर्षी सुरू केलं. ती संस्था आजही आहे, स्वतःचे पुरस्कार देते. संस्था निघाली तेव्हा तिच्या मागे वीस वर्षांच्या भेटींची सवय होती, हे विसरू नका.

अमेरिकेत लीगनंतर दुसरा प्रयत्न खालून झाला. १९४० मध्ये डेमन नाइट या अठरा वर्षांच्या मुलाने चाहत्यांच्या एका हस्तलिखितवजा अंकात लेख लिहून राष्ट्रीय संघटनेची हाक दिली, बॉस्टनच्या मंडळींनी ती उचलली आणि १९४१ मध्ये 'नॅशनल फँटसी फॅन फेडरेशन' उभं राहिलं. तेही अजून आहे. पदांवरून, घटनेच्या कलमांवरून त्यात इतकी भांडणं झाली की अमेरिकी चाहत्यांमध्ये तो थट्टेचा विषय होऊन बसला. तरीही ते टिकलं, आणि माझ्या मते ते टिकलं ते त्याच्या एका साध्या उद्योगामुळे. नव्याने आलेल्या सभासदाला जुने सभासद पत्र लिहायचे, स्वागत करायचे, तुझ्या जवळपास आणखी कोण आहे ते सांगायचे. आडगावच्या वाचकाला याहून जास्त काही नको असतं.

तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी नमुना मला जपानचा वाटतो. तिथे १९५७ मध्ये चाहत्यांनी स्वतः काढलेला एक अंक निघाला, १९६२ मध्ये त्याच मंडळींनी पहिलं राष्ट्रीय संमेलन भरवलं, आणि १९६५ मध्ये ठिकठिकाणच्या गटांचा महासंघ झाला. क्रम लक्षात घ्या: अंक, मग संमेलन, मग महासंघ. पुढे १९७० पासून संमेलनाला येणाऱ्यांच्या मतांवर पुरस्कारही सुरू झाला. महासंघाचे सभासद म्हणजे गट. एकेकटी माणसं नव्हेत. संमेलन दरवर्षी गाव बदलतं आणि ज्या गावात भरतं तिथला गट ते भरवतो. आपल्याकडचं मराठी साहित्य संमेलन असंच फिरतं, तेव्हा ही पद्धत समजावून सांगायला तुम्हाला फार कष्ट पडू नयेत. (संमेलनाध्यक्षपदाचे वाद सोबत आणू नका म्हणजे झालं.)

आणि एक उलटं उदाहरण. जागतिक विज्ञानकथा संमेलन म्हणजे वर्ल्डकॉन १९३९ पासून भरतं. त्याच्यामागे जी संस्था आहे तिला कायमचं कार्यालय नाही, पगारी माणूस नाही, अध्यक्षही नाही. त्या वर्षीच्या संमेलनाचे सभासद हेच संस्थेचे सभासद. १९५०च्या दशकात तिला रीतसर नोंदवून कायमची संस्था करायचा प्रयत्न झाला. त्यातून अशी काही कायदेशीर भांडणं लागली की १९५८ पर्यंत ते सगळं गुंडाळून मंडळी पुन्हा पहिल्यासारखी मोकळी झाली. नोंदणी सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता आपल्याकडे या. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे की भारतात असं काहीच झालेलं नाही. तसं नाही. २६ जानेवारी १९६६ ला कलकत्त्यात 'सायन्स फिक्शन सिने क्लब' सुरू झाला. सत्यजित राय अध्यक्ष, प्रेमेंद्र मित्र उपाध्यक्ष आणि अद्रीश बर्धन चिटणीस. बर्धन १९६३ पासून 'आश्चर्य' हे विज्ञानकथांचं बंगाली मासिक काढत होते, म्हणजे तिथेही अंक आधी आणि क्लब नंतर. नावं एवढी मोठी असूनही क्लब काही वर्षांतच थांबला. १९६६ मध्येच मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ती चाहत्यांची संस्था नाही, पण तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने मराठीत एक पिढी घडवली. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' अशा टोपणनावाने त्या स्पर्धेला कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हे बहुतेकांना माहीत असेल. फैजाबादला हिंदी विज्ञानकथा लेखकांची समिती आहे. वेल्लोरला १९९८ मध्ये विज्ञानकथेच्या अभ्यासकांची संघटना निघाली, तिच्या परिषदा होतात. आणि २०११ पासून दिल्ली-मुंबईत 'कॉमिक कॉन' हा कॉमिक्स, सिनेमांच्या चाहत्यांचा व्यावसायिक मेळा भरतो, त्याला हजारोंनी गर्दी होते, पण तिथे आपण गिऱ्हाईक असतो.

थोडक्यात, लेखकांची संघटना आहे, प्राध्यापकांची आहे, विज्ञानप्रसारकांची आहे. साधा वाचक कुठेच नाही. म्हणून तुमची कल्पना मला मुळातच चुकीची वाटत नाही. फक्त या सगळ्यांना पत्र लिहून, भेटून, 'आम्ही तुमच्या जागेवर येत नाही, वाचकांना जोडतोय' हे आधी सांगा. नागपूरला मराठी विज्ञान परिषदेची मंडळी सापडतील, तिथून सुरुवात करा. जुन्या लोकांना न विचारता 'भारतातली पहिली' असं पत्रकावर छापलंत, तर पहिल्याच आठवड्यात दहा जण नाराज होतील, आणि त्यांच्याचकडे जुने अंक, पत्ते आणि अनुभव असतो.

भारतात राष्ट्रीय संस्थेने करण्यासारखं काम कोणतं, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. पुस्तकांवर गप्पा, सिनेमावर वाद, लेखकाची मुलाखत, आकाशदर्शनाची सहल, हे सगळं गावातला गट करू शकतो आणि जास्त चांगलं करतो. त्यासाठी दिल्लीपर्यंत जायला नको. गावातल्या गटाला जे जमत नाही तेवढंच राष्ट्रीय संस्थेने करावं. जपानमध्ये, ब्रिटनमध्ये सगळे एका भाषेत वाचतात. आपल्याकडे मराठी वाचकाला बंगालीत काय लिहिलं गेलं ते माहीत नसतं, तमिळ वाचकाला मराठीतलं ठाऊक नसतं, आणि इंग्रजीत वाचणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. तो बहुधा अमेरिकी लेखक वाचून 'भारतात विज्ञानकथा नाही' असं छातीठोकपणे सांगतो.

आमच्या गटात एकदा एक बंगाली मुलगी आली. हिंजवडीला नोकरी, मराठी समजण्यापुरतं. तिने आपल्या आवडीची एक बंगाली कथा मोबाइलवर उघडली आणि एकेक परिच्छेद मनात वाचून हिंदी-मराठीच्या मिश्रणात सांगायला लागली. अडली की हाताने आकार काढून दाखवायची. आम्ही ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत बसतो, तिथे आठला दिवे बंद होतात. शेवटची दोन पानं राहिलेली असताना शिपाईकाका येऊन खिडक्या लावायला लागले. उरलेली कथा सगळ्यांनी जिन्यात उभं राहून ऐकली, काकांसकट. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे एकच मागणी होती: ही कथा मराठीत लिहून पाहिजे. अनुवाद करणारा मिळाला, पण हक्क कोणाकडे आहेत, परवानगी कोणाला मागायची, हे शोधता शोधता सगळे थकले. कलकत्त्यात ओळखीचं कोणी असतं तर दोन फोनमध्ये काम झालं असतं.

हे दोन फोन म्हणजे तुमची राष्ट्रीय संस्था. दर भाषेत एक माणूस, ज्याला त्या भाषेतले लेखक, वारस, प्रकाशक माहीत आहेत. वर्षाला चार कथा, प्रत्येक वेळी वेगळ्या मूळ भाषेतली, दोन-तीन भाषांत एकदम अनुवादित, छोट्या पत्रिकेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे जवळजवळ प्रत्येक कथेला परवानगी लागणार. ती लेखी घ्या आणि थोडं का होईना, मानधन द्या. अनुवादकालाही द्या. 'प्रसिद्धी मिळेल' असं सांगून अनुवादकाला राबवणाऱ्या संस्थांची आपल्याकडे कमी नाही. याला जोडून दोनच कामं ठेवा: नव्या सभासदाला त्याच्या गावच्या किंवा भाषेच्या माणसाशी गाठ घालून देणं, आणि वर्षातून एकदा, गाव बदलत, दोन दिवसांचं संमेलन. बाकी पुरस्कार, अभ्यासवृत्ती, संग्रहालय वगैरे पाच वर्षं काढूच नका.

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टी.

नोंदणी कधी, हे पैशांवर अवलंबून आहे. वर्षाला पन्नास हजारांच्या आत व्यवहार असेल, तर एखाद्या मान्यवर जुन्या संस्थेला किंवा ग्रंथालयाला सांगून त्यांच्या छत्राखाली उपक्रम करा, पावती त्यांची, हिशोब त्यांच्याकडे. कार्यक्रमाचा खर्च सुटला की तुमचं भागलं. लोकांकडून आगाऊ वर्गणी घ्यायची, संमेलनाचं सभागृह ठरवायचं, देणग्या घ्यायच्या अशी वेळ आली की मात्र नोंदणीशिवाय एक पाऊलही टाकू नका. कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात किंवा गुगल पेवर सभासदांचे पैसे गोळा करणं हा मैत्री तुटण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून सोसायटी नोंदवतात आणि तीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते. बहुतेक साहित्यसंस्थांचं असंच असतं आणि हे रूप माहीत असलेला लेखापाल कुठल्याही जिल्ह्यात सापडतो. दिल्लीत अखिल भारतीय पातळीची सोसायटी नोंदवायची तर वेगवेगळ्या राज्यांतले आठ जण मागतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी दोन माणसांतही होते, देशभर काम करायला ती सुटसुटीत, सगळं ऑनलाइन. पण वार्षिक विवरणपत्र चुकलं तर एकेका अर्जाला दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि विद्यार्थ्यांच्या संस्थेत विवरणपत्र परीक्षेच्या दिवसांतच चुकतं. तुमचे संस्थापक तीन राज्यांत पसरलेले असतील आणि एक सनदी लेखापाल कायम सोबत असेल, तर कंपनी. नाहीतर सोसायटी. निव्वळ ट्रस्ट मी सुचवणार नाही, कारण तिथे विश्वस्त आणि सभासद यांच्यात कायमची भिंत उभी राहते, आणि चाहत्यांच्या संस्थेत तेच नको असतं. तुम्हाला यातलं काय सोयीचं, हे ठरवायला एकदा प्रत्यक्ष लेखापालाकडे जाऊन बसा. राज्याराज्यांत रीत बदलते.

देणग्यांबद्दल एक गोष्ट, कारण परदेशातली मराठी मंडळी पहिल्याच महिन्यात विचारतील. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून आपल्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी चालते. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्या तुमच्या सख्ख्या मामाची देणगीसुद्धा कायद्याच्या नजरेत परकीय ठरते आणि तिला परकीय देणगी कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. नवीन संस्थेला ती सहजासहजी मिळत नाही. मामांना सांगा, पुस्तकांचे हक्क मिळवायला मदत करा.

नोंदणीनंतर संस्था कुठे अडकते, ते मी अनेकदा पाहिलं आहे: बँकेत. एका संस्थेचं उदाहरण देते. खात्यावर दोन सह्या लागायच्या, चिटणीस आणि कोषाध्यक्ष. चिटणीस बंगळूरला गेले, कोषाध्यक्षबाई लेकीकडे जर्मनीला. नवी कार्यकारिणी निवडली गेली, ठराव झाला, पण बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल केला नाही. बँक म्हणते, मान्य झालेला बदल अर्ज आणा. कार्यालय म्हणतं, जुन्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं आणा. इतिवृत्ताच्या वहीत ज्या सभेची नोंद होती तिथे सूचकाचं नाव होतं, अनुमोदकाची जागा रिकामी. त्या रिकाम्या ओळीपायी खात्यातले पैसे वर्षभर हलले नाहीत आणि संमेलन उधारीवर झालं. तुमची मंडळी तर सगळी पंचविशीच्या आतली, निम्मी दोन वर्षांत गावात नसणार. तेव्हा सह्यांचे अधिकार तिघांना द्या, कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. तिघांपैकी एक तरी असा बघा जो गाव सोडून जाणार नाही. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल असे लोक यासाठी सोन्यासारखे. आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहा, सह्या त्याच दिवशी घ्या.

घटनेचा आयता मसुदा कोणाकडूनही मिळेल, पण तो उतरवू नका. तीन गोष्टी तुमच्या तुम्ही घाला. एक, कोणतंही पद सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतर सल्लागार म्हणूनही कार्यकारिणीत बसायचं नाही. दोन, सभासदत्व गटांना, आणि ज्यांच्या गावात गट नाही अशा वाचकांना भाषेच्या विभागातून. प्रत्येक भाषेला एक मत, मग त्या भाषेत दहा सभासद असोत की हजार. तसं केलं नाही तर मराठी, बंगाली आणि इंग्रजीवाले मिळून सगळं ठरवतील आणि तमिळ, कन्नड, आसामी लोक दुसऱ्या वर्षी येणार नाहीत. तीन, घटनादुरुस्ती एका वर्षी मंजूर आणि पुढच्या वर्षीच्या सभेत पुन्हा मंजूर झाल्यावरच लागू. वर्ल्डकॉनमध्ये हीच रीत आहे. संमेलन दरवर्षी नव्या गावात असल्यामुळे एका गावच्या मंडळींनी आपली माणसं भरून घटना बदलायचा डाव त्यामुळे साधत नाही.

वर्गणी. माझं मत, पहिली दोन वर्षं विद्यार्थ्यांना शंभर, बाकीच्यांना तीनशे, आणि आजीव सभासदत्व मुळीच नाही. आजीव वर्गणीचे पैसे पहिल्या संमेलनात संपतात आणि त्या माणसाला पुढची तीस वर्षं पत्रिका पाठवायची जबाबदारी मागे राहते. शिवाय दरवर्षी वर्गणी मागायला गेलं की किती लोकांना आपण खरोखर हवे आहोत ते कळतं.

भांडणं होणार. न्यूयॉर्कच्या पहिल्याच जागतिक संमेलनात, १९३९ मध्ये, सहा तरुण चाहत्यांना दारातून परत पाठवलं गेलं होतं. कारण आयोजकांना वाटलं की हे राजकीय पत्रकं वाटतील. त्यावर अजून लिहिलं जातं. आपल्याकडे पौराणिक कथेला विज्ञानकथा म्हणायचं का, या एका प्रश्नावर एखादा गट फुटू शकतो, आणि मी तो फुटताना पाहिला आहे. कोणाला कोणत्या वागण्यासाठी बाहेर काढता येईल, हे आधी लिहून ठेवा. मतासाठी कोणालाही काढता येणार नाही, हेही लिहा. त्रास देणाऱ्याविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची, त्या दोन व्यक्तींची नावं प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रकावर छापा. त्यातली एक बाई असू द्या.

तुमच्याकडे शाळकरी मुलंही येतील, ती येणारच. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती, फोन नंबर घ्यायचा तर पालकांची संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तशी तरतूद आहे. मुलांना मोठ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात घालू नका. आणि सिनेमा दाखवायची हौस असेल, तर घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. हक्क असलेल्याकडून परवानगी घ्यावी लागते.

पहिल्या वर्षाचं मी असं सुचवीन: नागपूरचा गट पक्का करा. पुणे, कोलकाता, चेन्नई किंवा बंगळूर अशा किमान तीन ठिकाणी, तीन भाषांतले, आधीपासून भेटणारे गट शोधा. नवे काढू नका, शोधा, ते असतात. त्यांच्या एकेका माणसाला घेऊन चार कथांची पत्रिका काढा, पीडीएफ चालेल. चारही अंक वेळेवर निघाले, तर दुसऱ्या वर्षी नागपुरातच दोन दिवस सगळ्यांना बोलवा. थंडीत बोलवा, उन्हाळ्यात कोणी येणार नाही. तिथे जमलेल्यांनी संस्था हवी असा ठराव केला, तर सात किंवा आठ सह्या तिथेच होतील, आणि त्या वेगवेगळ्या राज्यांच्या असतील.

राहिला अध्यक्ष. नामवंत लेखकाला संमेलनाला पाहुणा म्हणून बोलवा, मानाने, प्रवासखर्च देऊन. अध्यक्ष करू नका. लेखकाला लिहायचं असतं, सभा घ्यायच्या नसतात. शिवाय लेखक अध्यक्ष झाला की वाचक त्याच्या पुस्तकाबद्दल खरं बोलायचे थांबतात. अध्यक्ष असा बघा जो प्रत्येक मेलला दोन दिवसांत उत्तर देतो. नावाचं म्हणाल तर 'राष्ट्रीय' आणि 'भारतीय' हे शब्द आले की निबंधक कार्यालय शंका काढतं, कारण १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांबाबतच्या कायद्याप्रमाणे सरकारी आश्रयाचा भास होईल असं नाव चालत नाही. तीन पर्यायी नावं तयार ठेवा आणि बोधचिन्ह नाव मंजूर झाल्यावरच छापायला द्या.